तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी वर्गणी काढून स्वतःचं मंडळ उभं करावं का?

माळरान

मंडळी, हा विषय बरेच दिवस मनात घोळतोय. लेखन लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा आणि मोकळेपणानं लिहा.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, मधली काही वर्षं उपसरपंच होतो. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. धरण वरच्या तालुक्यात, कालव्याचं शेपूट आमच्याकडे. मागच्या पावसाळ्यात आमच्या पट्ट्यातल्या सात गावांची मुक्कामी एसटी बंद झाली. सकाळच्या पहिल्या गाडीनं अकरावी-बारावीची पोरं कॉलेजला जायची, त्यांत निम्म्याहून जास्त मुली. आम्ही ठराव केला, आगारात नेऊन दिला. पंधरा दिवसांनी चौकशीला गेलो, तर तिथल्या साहेबांनी फाईलच उघडून पुढ्यात ठेवली. त्यात सातही गावांचे ठराव होते. एका गावाला गाडी सहाला हवी, दुसऱ्याला सातला. दोन गावांनी मुक्काम आपल्याकडेच असावा असं लिहिलेलं. एकानं तर मार्गच बदलून मागितला होता. साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचं सात गावांचं आधी आपसात ठरू द्या, मग मी वर काय ते लिहितो."

मला राग आला नाही, माणूस बरोबर बोलत होता. पण घरी येताना विचार करत राहिलो, की कालव्याच्या आवर्तनाचं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीचं, आपलं असंच होतं. आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागांचं असंच, महामार्गाखालून बैलगाडी जायच्या बोगद्याचंही असंच. प्रत्येक गाव आपला कागद घेऊन वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या टेबलावर जातं. सरपंच बदलला की पाठपुरावा थांबतो. जुना कागद कुठं ठेवलाय तेही नव्या सरपंचाला माहीत नसतं.

माझ्या मनात आलंय ते असं. तालुक्यातल्या, निदान आमच्या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून दरवर्षी ठरावीक वाटा काढावा आणि एक सामाईक मंडळ उभं करावं. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असेल. तालुक्याच्या ठिकाणी एक खोली घ्यायची आणि शिकलेला, पूर्ण वेळ पगारी माणूस नेमायचा. त्यानं आकडे गोळा करायचे, सगळ्या गावांचं मिळून एकच निवेदन तयार करायचं, तारखा लिहून ठेवायच्या, बैठकांना जायचं. मंडळानं ठेकेदारी करायची नाही आणि कामं वाटायची नाहीत. फक्त गावांचं म्हणणं एका तोंडानं मांडायचं.

असं कुणी केलंय का? कायद्यात बसतं का? पैसे टिकतात का?

थेट

माळरान, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात आहे आणि कारण सांगतो. तुम्ही जे मागताय ते आपल्याकडे आधीपासून आहे. त्याला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती म्हणतात. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून ही व्यवस्था सुरू आहे. आपण जिल्हा परिषदेच्या गटातून आणि पंचायत समितीच्या गणातून माणूस निवडून देतो तो याच कामासाठी. तो काम करत नसेल तर त्याला जाब विचारा. समांतर मंडळ काढलंत की निवडून आलेला सदस्य म्हणेल, आता मंडळाकडे जा. हात झटकायला त्याला आयतं कारण मिळेल.

दुसरं म्हणजे, अशा मंडळाचा अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत उमेदवार होणार. आमच्या भागात पाणी, दूध, रस्ता अशा प्रत्येक प्रश्नावर निघालेली कृती समिती याच वाटेनं गेली.

जुनी_वही

थेट यांचा दुसरा मुद्दा गंभीर आहे, त्यावर माळरान यांनी उत्तर द्यावं. पहिल्यावर मी लिहितो.

जिल्हा परिषद हेच गावाचं तोंड, हे १९६२ ला खरं होतं. पुढं जिल्ह्याचा पैसा कुठं वाटला जातो ती जागा हलली. ७४ व्या घटनादुरुस्तीनं कलम २४३ झेडडी आणलं आणि त्यातून जिल्हा नियोजन समिती आली. महाराष्ट्रानं त्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. या समितीतले किमान चार-पंचमांश सदस्य निवडून आलेले असावेत असं घटना सांगते. पण ते निवडून येतात कुणातून? जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिका-महानगरपालिकांच्या सदस्यांमधून. राज्यात २७ हजारांहून जास्त ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या सरपंचाला सरपंच म्हणून त्या निवडणुकीत मत नाही आणि तिथं जागाही नाही.

आता पुढचं बघा. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक आले आणि कितीतरी ठिकाणी तीन वर्षांहून जास्त काळ तेच राहिले. त्या काळात नियोजन समितीतले जिल्हा परिषदेचे निवडून आलेले सदस्य कुठं होते? नव्हतेच. पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी, एवढ्यांत जिल्ह्याचा वार्षिक आराखडा ठरला. निवडून आलेल्या सदस्याला जाब विचारा म्हणता, पण जाब द्यायला समोर माणूसच नव्हता. गावं मात्र होती, ग्रामपंचायतींच्या निवडणुका बऱ्याच ठिकाणी होत होत्या. म्हणजे वरचा मजला रिकामा असताना खालचा भरलेला होता. खालच्यांना एकत्र बसायला जागा तेवढी नव्हती.

थेट

प्रशासकांचा काळ अपवाद होता, तो कायमचा धरून नवी संस्था काढणं मला पटत नाही. नियोजन समितीत सरपंचाला मत नाही हे मात्र मला इतकं स्पष्ट माहीत नव्हतं. मान्य.

हिशेबनीस

मी ग्रामपंचायत विभागात हिशेब आणि लेखापरीक्षणाच्या कामात २८ वर्षं काढली. पैशाबद्दल बोलतो, कारण अशा कल्पना भाषणात चालतात आणि लेखा आक्षेपात मरतात.

ग्रामपंचायतीकडे पैसा दिसतो, पण तो सगळा मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी घ्या. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता एवढ्यासाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित म्हणतात, पण पगार आणि आस्थापना खर्चाला तोही चालत नाही. म्हणजे तुमच्या पूर्ण वेळ माणसाचा पगार यातून देता येणार नाही. दिलात तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांवर वसुली निघेल.

राहता राहिला स्वनिधी. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर, दुकानगाळ्यांचं भाडं. त्यातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे असतात. मग दिवाबत्ती, कर्मचाऱ्यांचा पगार, पाणी योजनेचं वीजबिल. छोट्या ग्रामपंचायतीत याच्यापुढं हाती काय उरतं ते माळरान यांना सांगायला नको.

पण गावांनी मिळून एका पेटीत पैसे टाकायचे ही गोष्ट आपल्या कायद्याला नवीन नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १३३ मध्ये जिल्हा ग्रामविकास निधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाच्या ०.२५ टक्के त्यात भरते आणि त्यातून ग्रामपंचायतींना कर्ज मिळतं. शंभर रुपयांमागे चार आणे. मी स्वतः त्याची चलनं तपासली आहेत. त्या निधीवर सरपंचांचा ताबा नाही, तो जिल्हा परिषदेकडे असतो, हा भाग वेगळा. पण टक्केवारीनं, थोडी थोडी, दरवर्षी, अशी सवय गावांना आहे. तुमचं मंडळ त्याच मापानं बसवा. ठोक रक्कम लावू नका.

आणि एक. गावाच्या हद्दीबाहेर खर्च पडणार असेल तर आधी पूर्वमंजुरी, मग ठराव, मग धनादेश. हा क्रम उलटा झाला की आक्षेप ठरलेला.

पाणवठा

हिशेबनीस काकांनी पेटीची गोष्ट काढली म्हणून आमची सांगतो.

आमच्याकडे अकरा गावांची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना होती. ती चालवायला शिखर समिती केली, प्रत्येक गावचा माणूस त्यात. पाणीपट्टी गावानं गोळा करायची आणि समितीत भरायची. पहिली दोन वर्षं उत्तम चालली. समितीच्या बैठकीला चहाला बसायला जागा नसायची, इतकी माणसं यायची.

मग शेवटच्या टोकाच्या दोन गावांना पाणी पोचेना. वरच्या गावांनी जलवाहिनीला भोकं पाडून नळ घेतले होते. टोकाची गावं म्हणाली, पाणी नाही तर पैसे नाहीत. त्यांचं चूक काय होतं? त्यांनी थांबवले म्हणून मधल्या तिघांनी थांबवले. त्यांना पाणी मिळत होतं, तरी त्यांनी थांबवले. वीजबिल थकलं, वीज तोडली. शेवटी वरच्यांचंही पाणी बंद झालं. आज त्या योजनेची टाकी उभी आहे, तिच्यावर गावांची नावं रंगवलेली आहेत आणि आत कबुतरं आहेत.

मला यातून कळलेली गोष्ट एवढीच, की टोकाच्या गावाला मिळतं का, यावर सगळं ठरतं. मोठ्या आणि रस्त्यावरच्या गावांना तुमचं मंडळ पहिल्या वर्षी काहीतरी मिळवून देईलच. आडबाजूच्या गावाला दुसऱ्या वर्षापर्यंत काही दिसलं नाही तर तिसऱ्या वर्षी पेटी रिकामी.

कौलारू

वाचतोय. पाणवठा यांचा प्रतिसाद छापून प्रत्येक सामाईक योजनेच्या कार्यालयात लावावा.

जुनी_वही

पाणवठा, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण याच पाण्याच्या क्षेत्रात दुसरं टोकही आहे. नाशिक जिल्ह्यात ओझरला १९९१ मध्ये शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था सुरू झाल्या. वाघाड धरणावर पुढं संस्था वाढत गेल्या आणि सगळ्यांचा मिळून प्रकल्पस्तरावर एक संघ झाला. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी संस्थेनं गोळा करायची, खात्याकडे एकगठ्ठा भरायची. खात्याशी बोलायला एकेकटा शेतकरी जात नाही, संघ जातो. २००५ मध्ये सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, त्याच्या आधीची ही घडामोड आहे. तिथं पाण्याचं मोजमाप सगळ्यांसमोर होतं, म्हणून टोकाच्या शेतकऱ्याचा विश्वास टिकला असं मला वाटतं. तुमच्या योजनेत गावागावाच्या वेशीवर मीटर होते का?

पाणवठा

नव्हते. आराखड्यात होते, बसवले नाहीत.

जुनी_वही

मग तेच. आता मूळ प्रश्नाबद्दल माझं मत, जरा सविस्तर.

प्रदेशाचं गाऱ्हाणं मांडायला मंडळ, ही कल्पना महाराष्ट्राइतकी कुणी जवळून पाहिलेली नसेल. मराठी प्रदेशांचं एक राज्य करण्यासाठी झालेला १९५३ चा नागपूर करार, मग १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं कलम ३७१ (२). त्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळ्या विकास मंडळांची तरतूद झाली. तरतूद झाली १९५६ ला, मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ ला. मधे १९८३-८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, मोजला, तो निघाला ३,१८६ कोटी रुपयांच्या पुढं. मंडळांनी त्या आकड्यांवर बरंच काम केलं. मी त्यांचे अहवाल वाचले आहेत, त्यातली तालुकावार माहिती आजही उपयोगी पडते. त्यांना कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि वाढवली गेली नाही. करोनाचे दिवस होते, कुणाचं लक्षही नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला, म्हणजे मधली दोन वर्षांहून जास्त ही मंडळं नुसती कागदावरही नव्हती. त्या काळात गावोगाव कुणी रस्त्यावर आलं? माझ्या पाहण्यात नाही. विधिमंडळात आवाज उठला, वर्तमानपत्रांत लेख आले. गावाला मात्र आपलं काही गेलं असं वाटलं नाही, कारण गावानं त्यात काही घातलेलं नव्हतं. सदस्य वरून नेमलेले, पैसा वरचा, मुदतही वरून मिळायची. ज्यानं दिवा लावला त्यानंच विझवला.

म्हणून माळरान यांच्या कल्पनेत मला सगळ्यात मोलाचा शब्द वाटतो तो "स्वतःच्या उत्पन्नातून". ०.२५ टक्के असो की त्याहून कमी, तो गावाचा हवा. मंडळानं शासनाकडून अनुदान घेतलं तर पहिल्या वर्षी सोय होईल, पण ज्या वर्षी शासनाला न आवडणारं काही मांडायचं असेल त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षाला झोप लागणार नाही. आमदारनिधी, एखाद्या कारखान्याची देणगी, यांचंही तेच. खोली छोटी घ्या, माणूस अर्धवेळ ठेवा, पण पैसा गावांचाच असू द्या.

रानवाट

मला एक वेगळीच अडचण मांडायची आहे.

"प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी" हे ऐकायला न्याय्य वाटतं. आमच्याकडे गट ग्रामपंचायती आहेत. एका ग्रामपंचायतीत चार महसुली गावं आणि नऊ पाडे. सरपंच बहुतेक वेळा मोठ्या गावातला, कारण मतं तिथं. पाड्यावरचं म्हणणं ग्रामपंचायतीपर्यंतच पोचत नाही, तर ते तालुक्याच्या मंडळात कसं पोचणार? आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, आपले नियम २०१४ चे. त्यात पाड्याला स्वतःची ग्रामसभा घोषित करून घेता येते. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे जायला लागल्यावर आमच्या पाड्यांनी पहिल्यांदा स्वतः बसून आराखडा केला. विहिरीचा गाळ काढायचा की समाजमंदिराला पत्रा घालायचा, यावर बायका दोन दिवस भांडल्या आणि विहीर जिंकली. निर्णय जवळ आला की माणसं बोलतात.

तुमचं मंडळ निर्णय आणखी दूर नेणार नाही ना, ही मला भीती आहे. ज्याला गावात बोलायला मिळत नाही त्याचं दुःख तालुक्याच्या मंडळात "तालुक्याची मागणी" म्हणून आणखीच दडपलं जाईल.

उंबरठा

रानवाट, अगदी खरं. मी सरपंच आहे, महिला राखीव जागेवर आले आणि दुसऱ्यांदा खुल्या जागेवर निवडून आले. राज्यात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा आम्हा बायकांच्या. तरी तालुक्यातल्या कुठल्याही समितीच्या बैठकीला जा, खुर्च्यांवर पुरुष. कारण गावातली जागा राखीव आहे आणि तालुक्याच्या "प्रतिनिधी"ची नाही. प्रतिनिधी पाठवायची वेळ आली की ग्रामपंचायत म्हणते, ताई, तुम्ही कशाला एवढ्या लांब, आम्ही जातो.

माझ्या दोन सूचना आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक नाही, दोन माणसं पाठवावीत आणि त्यातली एक बाई असावी. मत एकच, पण खुर्च्या दोन. गट ग्रामपंचायत असेल तर दुसरी व्यक्ती मुख्य गावाबाहेरची हवी.

दुसरी सूचना तारखेची. आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीनंतर गाव रिकामं होतं ते मार्च-एप्रिलमध्ये परत भरतं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला म्हातारी माणसं आणि आम्ही सदस्य. त्या दिवशी रोजगाराचा, रेशनचा, शाळेचा ठराव होतो आणि ज्यांच्याबद्दल तो ठराव आहे ती माणसं तेव्हा उसाच्या फडात असतात. तुमच्या मंडळानं वार्षिक मागण्या ठरवायच्या असतील तर त्या १ मेच्या ग्रामसभेतून ठरवा. माणसं घरी असतात आणि उन्हाळ्यातली पाण्याची अवस्था डोळ्यांसमोर असते.

माळरान

उंबरठाताई, तारखेचा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आमच्याही दोन गावांतून तोडीला जातात. वहीत लिहून घेतला.

दूरदेशी

मी बाहेरच्या देशात राहतो, स्थानिक प्रशासनाशी संबंधित काम करतो. तिथलं थोडं सांगतो, उपयोग झाला तर बघा.

इंग्लंडमध्ये पॅरिश कौन्सिल हा आपल्या ग्रामपंचायतीसारखा सगळ्यात खालचा थर. त्यांच्या जिल्हावार संघटना आहेत, वर्गणीवर चालतात, आणि १९४७ पासून राष्ट्रीय संघटना आहे. त्या संघटनांचं रोजचं मोठं काम म्हणजे सल्ला देणं. एखाद्या छोट्या कौन्सिलच्या कारकुनाला कायद्याचा प्रश्न पडला की तो संघटनेला विचारतो. सरकारपुढं बाजू मांडणं हे दुसरं काम. पाणवठा यांनी विचारलेल्या "टोकाच्या गावाला काय मिळतं" याचं उत्तर मला यात दिसतं. आडबाजूच्या गावाला एसटी मिळायला वेळ लागेल, पण लेखा आक्षेपाला उत्तर कसं लिहायचं हे पहिल्या महिन्यात मिळू शकतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत, त्यातल्या ग्रामीण काउंट्यांनी मिळून संस्था केली आहे. लॉस एंजेलिससारख्या एका काउंटीत जेवढी माणसं राहतात तेवढी कितीतरी ग्रामीण काउंट्यांत मिळून राहत नाहीत. त्यामुळे एकेकटं गेलं तर कुणी ऐकत नाही.

पण मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो ब्राझील. तिथं २००५ मध्ये नगरपालिकांच्या सामाईक संघांसाठी कायदा झाला. सदस्यानं आपल्या वाट्याची तरतूद अर्थसंकल्पात करायचीच. नाही केली तर आधी निलंबन, मग संघातून काढता येतं. वाटा किती हे दर वर्षी लेखी करारानं ठरतं. म्हणजे कोण देतोय, कोण देत नाही, हे सगळ्यांना दिसतं.

थेट

निलंबनाचा नियम आपल्याकडे चालणार नाही. ज्या गावाची घरपट्टी दुष्काळात वसूल झाली नाही ते गाव पैसे भरू शकत नाही. त्यालाच बाहेर काढणार? त्यालाच तर आवाज हवा.

हिशेबनीस

थेट, म्हणूनच टक्केवारी म्हणालो. वसुली कमी झाली तर वाटाही कमी. शून्य वसुली तर शून्य वाटा, पण जागा कायम. निलंबन कशाला लावायचं, तर वसुली होऊनही भरलं नाही आणि हिशेब दाखवायला नकार दिला तर. दोन्हींत फरक आहे आणि तो घटनेत, म्हणजे मंडळाच्या घटनेत, स्पष्ट लिहायला हवा.

शिवाय माझा आग्रह असा, की जास्त भरणाऱ्या गावाला जास्त मत मिळता कामा नये. औद्योगिक वसाहतीशेजारची एखादी ग्रामपंचायत कारखान्यांच्या कराच्या जोरावर बाकी वीस गावांएवढं एकटी भरेल. तिला वीस मतं दिलीत तर ते मंडळ त्या एका गावाचं झालं.

नदीकाठ

आमच्याकडे मोठं गाव नेमकं हेच विचारणार, "आम्ही जास्त का भरायचं?" याला काय उत्तर द्यायचं?

हिशेबनीस

खरं उत्तर द्यायचं. तुमच्या गावातला भाजीबाजार, दवाखाना, कॉलेज या वीस गावांच्या माणसांवर चालतो. त्यांची एसटी बंद पडली की तुमच्या बाजारकराची पावती कमी फाटते. हे मी वसुलीच्या पुस्तकांत पाहिलेलं आहे.

माळरान

गेले चार दिवस प्रतिसाद वाचतोय, सातही गावांत जाऊन दाखवलेही. आता जे ठरतंय ते लिहितो.

सगळा तालुका एकदम घ्यायचा नाही. सुरुवात सात गावांची. थेट यांचा आक्षेप मी बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवला. त्यावर बरीच चर्चा झाली आणि एक अट सगळ्यांनी मान्य केली. मंडळाचा पदाधिकारी पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक लढवणार असेल तर त्यानं एक वर्ष आधी पद सोडायचं. अध्यक्षपद सहा-सहा महिन्यांनी फिरतं, चिठ्ठीनं. आणि सुरुवात सगळ्यात लहान गावापासून, चिठ्ठी नंतर. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांना प्रत्येक बैठकीचं निमंत्रण जाईल. त्यांना मत नसेल, पण आमची निवेदनं त्यांच्याच हातून वर जातील. म्हणजे हात झटकता येणार नाहीत.

वाटा स्वनिधीच्या प्रत्यक्ष वसुलीच्या ०.२५ टक्के, जुन्या मापानंच. सात गावांचा हिशेब केला तर पूर्ण वेळ माणूस परवडत नाही. अर्धवेळसुद्धा ओढाताणीचा आहे. आमच्यातल्या एका गावातली मुलगी समाजकार्याची पदवी घेऊन घरी आहे, ती आठवड्याला दोन दिवस काम करायला तयार आहे. तिला मानधन देणार, फुकट राबवायचं नाही असं ठरलं. खोली एका ग्रामपंचायतीनं दिली.

दुसरी खुर्ची मंजूर झाली. सहजासहजी नाही. दोन गावांनी "बाई कशी येणार-जाणार" विचारलं, तेव्हा एका आजींनी उठून विचारलं, "रोजंदारीला ट्रकमधून जाते ती कशी जाते?" त्यानंतर कुणी बोललं नाही.

रानवाट, तुमच्या मुद्द्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आमच्यात गट ग्रामपंचायत एकच आहे, तिच्या तीन वाड्या. प्रत्येक निवेदनाच्या खाली कुठल्या वाडीनं काय वेगळं म्हटलं ते लिहायचं, एकमत झालं नसेल तरीही, एवढं ठरवलंय.

रानवाट

वेगळं म्हणणं कागदावर राहिलं तरी पुष्कळ आहे. आमच्याकडे तेच पुसलं जातं. त्या वाड्यांच्या बैठका वाड्यांवर जाऊन घ्या, त्यांना मुख्य गावात बोलावू नका.

थेट

निवडणुकीची अट लेखी असेल आणि सदस्यांना निमंत्रण असेल, तर माझा विरोध मी मागे घेतो. शंका शिल्लक आहे. दोन वर्षांनी या धाग्यावर येऊन विचारणार आहे.

पाणवठा

पहिल्या वर्षी एक काम फक्त सगळ्यात टोकाच्या गावाचं घ्या. बाकी सहा गावांना त्यात काही मिळत नसलं तरी. माझी एवढीच विनंती.

हिशेबनीस

ठरावाचा मसुदा मला खाजगी निरोपात पाठवा, बघून देतो. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा, लेखाशीर्ष लिहा, पूर्वमंजुरीच्या पत्राचा जावक क्रमांक घाला. प्रत्येक गावाचा ठराव वेगळा, पण मजकूर शब्दशः एकच हवा. आणि मंडळाच्या खात्यावर तीन सह्या ठेवा, दोन नकोत.

माळरान

काका, आज रात्री पाठवतो. पाणवठा, टोकाचं गाव म्हणजे कालव्याच्या पार शेपटाकडचं, तिथल्या अंगणवाडीला दोन वर्षं इमारत नाही. पहिलं काम तेच घेतलंय.

आणि एसटीचं सांगायचं राहिलं. सात गावांची बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली, त्या मुलींनाही बोलावलं होतं. कॉलेजचा पहिला तास साडेसातचा. त्यांनीच प्रत्येक गावच्या थांब्याची वेळ फळ्यावर लिहून काढली, आणि मुक्काम कुठल्या गावी हा वाद पाच मिनिटांत संपला. मुक्काम शेवटच्या गावात, गाडी तिथून सहा वाजून दहा मिनिटांनी. उद्या सातही सरपंचांच्या सह्यांचं एकच पत्र घेऊन आगारात जातोय.